आधी पाळ, मग महाल

सहामाही परीक्षा संपत आल्या की मराठी मध्यमवर्गीय घरांत राजस्थानचा नकाशा उघडला जातो. जयपूर, जोधपूर, जैसलमेर, अबू आणि उदयपूर अशी आठ-दहा दिवसांची सहल आता सत्यनारायणाच्या पूजेइतकी रुळलेली आहे. त्यात उदयपूरच्या वाट्याला फार तर दीड दिवस येतो. सकाळी सिटी पॅलेस, दुपारी सहेलियों की बाडी, संध्याकाळी पिछोला तलावात नावेची फेरी, रात्री बागोर हवेलीतला घूमर आणि उरलेल्या वेळात बांधणीच्या ओढण्यांची खरेदी. घरी आल्यावर अल्बममध्ये पंधरा-वीस फोटो लागतात. प्रत्येकात पुढे आपण, मागे महाल आणि त्याच्याही मागे पाणी.

या क्रमाबद्दलच माझी तक्रार आहे. उदयपुरात पाणी मागे नाही, पुढे आहे. महाल नंतर आले, पाणी आधी आले. आणि ते आपणहून आले नाही. ते अडवून, साठवून, एका तलावातून दुसऱ्या तलावात खेळवून आणलेले आहे. 'सरोवरांचे शहर' म्हटले की काश्मीर किंवा नैनितालसारखी निसर्गाची कृपा डोळ्यांपुढे येते. उदयपूरवर निसर्गाने तेवढी कृपा केलेली नाही. तिथे वर्षाला सरासरी साठ-पासष्ट सेंटिमीटर पाऊस पडतो. मुंबईत एकट्या जुलै महिन्यात याहून अधिक पडतो. पिछोला असो, फतेहसागर असो, उदयसागर असो की दूरवरचा जयसमंद, सगळी तळी माणसांनी बांधलेली आहेत. उदयपूरचे पहिले ऐतिहासिक बांधकाम पाहायचे असेल तर ते तलावाची पाळ हे आहे. ठाण्याच्या तलावपाळीतली पाळ तीच ही. तिकडे तिला 'पाल' म्हणतात, एवढाच काय तो फरक.

उदयसिंहाने काय केले?

आपल्याला शाळेत पन्नादाईची गोष्ट शिकवतात. बनवीराच्या तलवारीपुढे स्वतःचे मूल ठेवून तिने छोट्या उदयसिंहाला वाचवले. त्यानंतर पुस्तक एकदम राणा प्रतापांवर आणि हळदीघाटावर उडी घेते. मधल्या काळात, ज्याच्यासाठी एवढा त्याग झाला त्या उदयसिंहाने पुढे काय केले, हे कोणी विचारत नाही. विचारलेच तर उत्तर ठरलेले असते : अकबराचा वेढा पडण्याआधी तो चितोड सोडून गेला. इंग्रज अधिकारी जेम्स टॉड याने आपल्या राजस्थानच्या इतिहासात उदयसिंहाला भित्रा ठरवून टाकले आणि तो शिक्का आजतागायत पुसला गेलेला नाही.

पण तारखा जरा शेजारीशेजारी ठेवून पाहा. चितोड पडले ते फेब्रुवारी १५६८ मध्ये. उदयपूरच्या स्थापनेचे वर्ष परंपरेने १५५९ मानतात. म्हणजे वेढ्याच्या आधी आठ-नऊ वर्षे हा माणूस नव्या राजधानीच्या कामाला लागला होता. चितोडवर त्याआधी दोनदा संकट कोसळले होते, १३०३ मध्ये अल्लाउद्दीन खलजीचे आणि १५३५ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाचे. मैदानात एकट्या उभ्या असलेल्या डोंगरावरचा किल्ला कितीही बुलंद असला तरी त्याला चारी बाजूंनी वेढता येते, आणि तोफांच्या काळात वेढा म्हणजे शेवट, हे उदयसिंहाला उमगले असावे. त्याने अरवलीच्या डोंगरांनी वेढलेले खोरे निवडले. तिथे पिछोला तलाव आधीपासून होता. चौदाव्या शतकात, महाराणा लाखाच्या काळात, धान्याची ने-आण करणाऱ्या एका बंजाऱ्याने तो बांधला असे सांगतात. उदयसिंहाने त्याची पाळ मजबूत करून तलाव वाढवला, आणि शहराच्या पूर्वेला नदी अडवून आपल्या नावाचा उदयसागर बांधायला घेतला. हे कामही चितोड पडण्याआधी, १५६५ च्या सुमारास पुरे झाले होते.

पळून जाणारा माणूस तळी बांधत बसत नाही. पुढे १५७६ च्या हळदीघाटानंतर राणा प्रतापांना वीस वर्षे झुंज देता आली ती या डोंगरांच्या आणि पाण्याच्या आधाराने. उदयपूर शहरही मधल्या काळात मोगलांच्या हाती गेले, प्रतापांना चावंडला राजधानी करावी लागली. पण मेवाड संपला नाही. १६१५ मध्ये अमरसिंह आणि जहांगीर यांच्यात तह झाला आणि चितोड मेवाडला परत मिळाले. किल्ल्याची डागडुजी करायची नाही, अशी त्यात अट होती. ती अट हे एक कारण खरेच. पण राजधानी मात्र पुन्हा चितोडला गेली नाही. १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत ती पाण्याकाठीच राहिली. सिटी पॅलेसमध्ये प्रतापांची शस्त्रे पाहून भारावून जाणाऱ्यांनी खिडकीतून खाली दिसणाऱ्या पाण्याकडे पाहून उदयसिंहालाही एक नमस्कार करावा, असे मला वाटते.

पाण्याची साखळी

उदयपूरची तळी सुटी सुटी नाहीत. हे मुलांना कागदावर रेघा मारून समजावून सांगण्यासारखे आहे. पश्चिमेच्या डोंगरांतून सीसारमा नदी येते आणि पिछोल्यात शिरते. पिछोल्याला जोडून रंगसागर आणि स्वरूपसागर. तिथून कालव्याने फतेहसागर. ही तळी भरली की जास्तीचे पाणी आहड नदीतून उदयसागरात जाते. उदयसागरानंतर हीच नदी बेडच नावाने पुढे निघते आणि कुठे जाते, तर चितोडच्या पायथ्याशी! तिथून बनास, चंबळ, यमुना, गंगा असे करत उदयपूरचा पाऊस बंगालच्या उपसागराला मिळतो. शहराच्या पश्चिमेचा डोंगर ओलांडला की मात्र पाणी उलट्या दिशेने साबरमतीला आणि अरबी समुद्राला जाते. त्या बाजूचे पाणी आता देवास प्रकल्पाच्या बोगद्यातून डोंगराखालून पिछोल्याकडे वळवले आहे. चारशे वर्षांपूर्वी सुरू झालेले काम अजून चालू आहे, असेच म्हणायचे.

फतेहसागरची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. सतराव्या शतकात महाराणा जयसिंहाने तो बांधला. पुढे पाळ वाहून गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराणा फतेहसिंहाने नवी पाळ घातली आणि तलावाला त्याचे नाव मिळाले. सहेलियों की बाडीतली कारंजी पाहून आपण टाळ्या वाजवतो. ती मुळात विजेच्या पंपावर नव्हे, तर वरच्या अंगाला असलेल्या फतेहसागरच्या पाण्याच्या दाबावर उडत. याच तलावातल्या एका बेटावर सूर्याचा अभ्यास करणारी वेधशाळा आहे. ती पाण्याच्या मधोमध का? उन्हाने जमीन तापली की वरची हवा थरथरते आणि दुर्बिणीतले चित्र हलते. पाण्यावरची हवा त्यामानाने स्थिर राहते. राजाने प्यायला आणि शेतीला साठवलेले पाणी शास्त्रज्ञांच्या असे उपयोगी पडले.

उदयपूरच्या बाहेर गेले तर हा पाण्याचा इतिहास आणखी ठळक दिसतो. उत्तरेला साठ-पासष्ट किलोमीटरवर राजसमंद आहे. सतराव्या शतकात मेवाडात दुष्काळ पडला तेव्हा महाराणा राजसिंहाने १६६२ मध्ये हे काम काढले आणि उपाशी माणसांच्या हाताला काम व पोटाला अन्न दिले. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या खडी फोडण्याच्या कामांनी लाखो लोकांना जगवले; तीच कल्पना तिथे तीनशे वर्षे आधी दगडात उभी आहे. काम चौदा वर्षे चालले. नौचौकी घाटावर पंचवीस शिलापटांवर 'राजप्रशस्ति' हे संस्कृत काव्य कोरलेले आहे. त्यात राजाची स्तुती आहे, वंशावळ आहे, तशी तलावाच्या बांधणीची हकिकतही आहे. आग्नेयेला पन्नासेक किलोमीटरवर जयसमंद. १६८५ मध्ये पुरा झालेला हा तलाव कित्येक पिढ्या जगातल्या मोठ्यात मोठ्या कृत्रिम तलावांत गणला जात होता. त्याच्या पाळेवर दगडी हत्ती उभे आहेत. उदयपूरच्या नळाला आजही त्याचे पाणी येते.

आपले नाव तिथे कसे घेतात?

मराठी माणूस मेवाडात जातो तो आपलेपणाने. शिवछत्रपतींच्या १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी भोसले कुळाचे नाते उदयपूरच्या सिसोदियांशी सांगितले गेले. इतिहासकारांत त्यावर वाद असला तरी भावनेत तो नाही. थोरल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई १७३५ मध्ये उत्तरेच्या यात्रेला निघाल्या तेव्हा उदयपूरच्या राण्याने त्यांचे सन्मानाने स्वागत केले. पुढच्याच वर्षी स्वतः बाजीराव उदयपूरला आले. दरबारात राण्याच्या बरोबरीच्या आसनावर न बसता ते खाली बसले, अशी हकिकत आपण अभिमानाने सांगतो. पण त्याच भेटीत वर्षाला सुमारे दीड लाखाची खंडणी ठरली, हे सांगताना आवाज जरा खाली येतो.

पुढचा इतिहास तर सहलीच्या पत्रकात छापण्यासारखा नाही. होळकर आणि शिंदे यांच्या फौजांनी मेवाड वारंवार पिळला. १७६९ मध्ये महादजी शिंद्यांनी उदयपूरला वेढा घातला. प्रधान अमरचंद बडवा याने शहर लढवले. टॉडने दिलेल्या आकड्यानुसार शेवटी साठ लाखांवर रक्कम ठरली. ती रोखीने देणे शक्य नव्हते म्हणून नीमच, जावद असे परगणे गहाण पडले. ते परत आले नाहीत. नीमच आज मध्य प्रदेशात आहे त्याचे मूळ त्या गहाणखतात आहे. टॉड कंपनी सरकारचा नोकर होता, मराठ्यांना काळे रंगवण्यात त्याच्या धन्याचा फायदा होता, हे खरे. पण गहाण पडलेले परगणे काही त्याने कल्पनेतून काढले नव्हते.

हे उगाळायचे कशाला, असे कोणी म्हणेल. अशासाठी, की प्रवासाला जाताना आपण फक्त आपल्या पराक्रमाचा इतिहास बरोबर नेला तर दुसऱ्याचे गाव आपल्याला कधीच नीट दिसत नाही. बागोर हवेलीत घूमर पाहायला बसतो तेव्हा ती हवेली त्याच अमरचंद बडव्याने बांधलेली आहे, हे आपल्याला ठाऊक असावे. तिथे आता पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे आणि राजस्थान, गुजरात, गोव्याबरोबर महाराष्ट्रही त्या केंद्राचा सदस्य आहे. ज्याने मराठ्यांच्या तोफांपासून शहर राखले त्याच्या अंगणात आज आपली लावणीही रंगू शकते. इतिहासाने हिशेब मिटवायची याहून चांगली रीत मला ठाऊक नाही.

शिवाय महाराष्ट्राने उदयपूरला काही परतही दिले आहे. शहराच्या कडेला आहड येथे धूळकोट नावाचे पांढरीचे टेकाड आहे. १९६१-६२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे उत्खनन केले आणि चार हजार वर्षांपूर्वीची वस्ती उजेडात आणली. तांबे गाळणारी, काळ्या-तांबड्या मडक्यांवर पांढरी नक्षी काढणारी ती माणसे याच आहड नदीकाठी राहत होती. पुढे १९९३ पासून डेक्कन कॉलेजच्याच डॉ. वीरेंद्रनाथ मिश्र यांनी जवळच्या बालाथल येथे काम केले. आहडचे छोटे संग्रहालय आणि शेजारच्या महासत्या, म्हणजे महाराण्यांच्या छत्र्या, पाहायला दोन तास पुरतात. आपल्या सहलींच्या बसेस तिथे क्वचितच थांबतात.

पाणी गेले तर?

आता मुद्द्याची गोष्ट. या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत पिछोला आटला होता. जगनिवास, म्हणजे जगप्रसिद्ध लेक पॅलेस हॉटेल, कोरड्या जमिनीवर उभे होते. लोक चालत तिथवर जात होते आणि तलावाच्या तळाशी मुले क्रिकेट खेळत होती. पाणी नसले की तो पांढराशुभ्र महाल कसा दिसतो, हे तेव्हा जगाला कळले. पुढे २००६ च्या पावसाने तळी भरली आणि सगळे ते दिवस विसरले.

१९६० च्या दशकात महाराणा भगवतसिंहांनी जगनिवासाचे हॉटेल केले, तेव्हा संस्थाने गेलेली होती आणि महाल राखायचे तर उत्पन्न हवे होते. त्यात चूक काही नव्हते. पण आता पिछोल्याच्या काठाने हॉटेलांची, गच्चीवरच्या उपाहारगृहांची आणि लग्नाच्या मांडवांची जी गर्दी झाली आहे, तिचा भार तलावाने किती सोसायचा? २०११ च्या जनगणनेत उदयपूर साडेचार लाख वस्तीचे गाव होते. या वस्तीच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा वाटा याच तळ्यांतून येतो. आपण ज्या तलावाकडे 'व्ह्यू' म्हणून पाहतो त्याला स्थानिक माणूस हंडा लावतो. काठावरच्या एखाद्या खोलीचे सांडपाणी त्यात गेले, तर ते कोणाच्या तरी घोटात जाते. 'लेक व्ह्यू' खोलीला हजार-दोन हजार रुपये जास्त मोजणाऱ्या आपल्यासारख्यांना या प्रश्नातून अंग काढून घेता येणार नाही.

उदयपूरचे लोक काही हातावर हात धरून बसलेले नाहीत. तिथल्या जागरूक नागरिकांनी तळ्यांसाठी न्यायालयापर्यंत लढे दिले, घाट स्वतः उतरून साफ केले. जानेवारी २०२५ मध्ये रामसर कराराखाली उदयपूर आणि इंदूर यांना 'पाणथळ शहर' ही मान्यता मिळाली; भारतातली ही पहिली दोन शहरे. मान्यता आनंदाची आहे, पण ती मिळवण्याइतकेच टिकवणे कठीण असते. प्रशस्तिपत्र भिंतीवर आणि गटार तलावात, ही आपल्या देशातली नवी गोष्ट नाही.

मग सहल कशी करावी?

उपाय अगदी साधा आहे. दीड दिवसाचे अडीच दिवस करा. एक शहर कमी केलेत तरी चालेल. वाढलेला एक दिवस पाण्याला द्या. पहाटे फतेहसागरच्या पाळेवर चालायला जा. सारे उदयपूर तिथे भेटते. दुपारी आहड आणि महासत्या बघा. ऊन उतरले की उदयसागराच्या पाळेवर जाऊन या. संध्याकाळी नावेत बसण्याआधी अमराई घाटावर अर्धा तास नुसते बसा. समोर गणगौर घाट, वर महाल, डावी-उजवीकडे पाणी, आणि त्या पाण्यात जगमंदिर. बापाविरुद्ध बंड केलेल्या शहाजादा खुर्रमला, म्हणजे पुढच्या शहाजहानला, इथेच आसरा मिळाला होता. १८५७ मध्ये नीमचहून जीव घेऊन आलेल्या गोऱ्या बायकामुलांनाही महाराणा स्वरूपसिंहाने इथेच ठेवले. शरण आलेल्याला पाण्याच्या मधोमध ठेवायचे, ही त्या घराण्याची रीत दिसते. ताजमहालाची कल्पना इथे सुचली, असे गाईड हमखास सांगेल. ते हसून सोडून द्यावे.

जमले तर पावसाळ्यात जा. आपल्याकडची दिव्यांची अवस ती तिकडची हरियाली अमावस्या. त्या वेळी फतेहसागर आणि सहेलियों की बाडीच्या परिसरात दोन दिवस जत्रा भरते आणि दुसरा दिवस फक्त बायकांचा असतो. पाऊस चांगला झाला आणि फतेहसागर ओसंडू लागला, की गावभर बातमी पसरते आणि सांडव्यावरून पडणारी पाण्याची 'चादर' पाहायला लोक पोराबाळांसकट लोटतात. त्या गर्दीला महालाचे तिकीट लागत नाही. आपल्या तळ्यात या वर्षी पाणी आहे, एवढाच त्यांचा आनंद असतो.

नावेत चिप्सची पिशवी पाण्यात पडू देऊ नका, हॉटेलात खोली घेताना सांडपाणी कुठे जाते हे व्यवस्थापकाला एकदा विचारा. तो उत्तर देईलच असे नाही. पण दहा पाहुण्यांनी विचारले तर अकराव्याच्या वेळी तो विचार करील. आणि घरी परतल्यावर आपल्या गावच्या तळ्याकडेही एक चक्कर टाका. ते कोणी बांधले, त्यात पाणी कुठून येते आणि आता काय जाते, एवढे मुलांना सांगता आले तरी उदयपूरची सहल वसूल झाली म्हणायचे.